तारेच्या दातांनी रोट

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला चष्मा लागतो, कमरेचा पट्टा लागतो, कुणाला गोळ्यांची डबी लागते. मला दातांची तार लागली. नवसाने लावून घेतली नव्हती. खालचे पुढचे दात लहानपणापासून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, जसे सुरतेच्या शेअर रिक्षात चौथा माणूस घुसल्यावर तिघं बसतात तसे. त्यांच्या मागे जे अडकायचं ते दोन दिवस मुक्काम करायचं. हिरड्या सुजायला लागल्या तेव्हा मुलगीच मला पर्वत पाटियाच्या चौकाजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. ती कॉलेजात आहे आणि तिचं म्हणणं असं की पप्पांना एकट्याने पाठवलं तर ते लवंग घेऊन परत येतील.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं, "काका, आ दात सीधा करवा पडशे. नहीं तो एक एक करके जाएंगे."

"या वयात?" मी म्हणालो.

"दाताला वय कळत नाही, पप्पा," मुलगी म्हणाली. "कळत असतं तर एव्हाना सरळ झाले असते."

तर तार लागली. प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी तुकडा, त्यातून ओवलेली तार आणि तार धरून ठेवायला चिमुकली रबरं. त्या रबरांचा रंग कोणता हवा, असं बाईंनी विचारलं आणि माझ्यापुढे रंगांचं एक कार्ड धरलं. इथे सांगायला हवं की मी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. गिऱ्हाइकाने दिलेल्या चिंधीवरून ताग्याला तोच रंग उतरवायचा, हे माझं काम. असलं कार्ड दिसलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. मी ते खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं, आत आणून पाहिलं, आणि बराच विचार करून बिनरंगी निवडलं. म्हटलं, कुणाला दिसणार नाही.

घरी आलो आणि वरणभात खाल्ला. दोन दिवसांत ती बिनरंगी रबरं पिवळीजर्द झाली. हळद. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापडावर पक्का रंग चढवण्यासाठी मीठ-सोडा मोजला, त्याच्या तोंडात एका वाटी वरणाने, ना तापवता ना उकळता, असा रंग चढवला की ब्रशने घासून घासून ब्रश पिवळा झाला. मिलमध्ये मी चहापर्यंत तोंड मिटून काढलं. चहा आला तेव्हा बॉयलरवाला माझ्याकडे टक लावून बघत होता.

"मास्तर, ये शेड पास किसने किया?"

त्या दिवसापासून मी मिलमध्ये 'हळदी मास्तर' झालो.

पण थट्टेचं काय, थट्टा गिळता येते. गिळता येत नव्हतं ते जेवण. खानदेशी माणसाला भाकरी बंद म्हणजे काय, ते खानदेशी माणसालाच कळेल. बाईंनी ताकीद दिली होती की कडक काही चावायचं नाही, चिकट काही खायचं नाही, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. आता भाकरी पुढच्या दातांनी तोडतच नाहीत, हाताने मोडतात. त्यामुळे मला वाटलं आपण सुटलो. पहिल्याच घासाला कळलं की हाताने मोडली तरी चावायची दाढेनेच असते, आणि दाढ म्हणते, आज सुट्टी.

हळूहळू मी शिकलो. भाकरी डाळीत कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवायची. भरीत म्हणजे देवाने तारवाल्यांसाठीच केलेली भाजी, फक्त त्यातले शेंगदाणे आधी वेचून बायकोच्या ताटात सरकवायचे. शेवभाजीतली शेव पूर्ण मरू द्यायची, मगच चमचा लावायचा. सफरचंदाच्या पातळ चकत्या. मक्याचं कणीस फक्त बघायचं. आणि सकाळी मिलच्या रस्त्यावर लोचो. लोचो हा पदार्थ सुरतेच्या लोकांनी का काढला असेल, याचा मी इतकी वर्षं विचारच केला नव्हता. वाफेवरची ती ऊनऊन, लिबलिबीत डाळ जिभेवर ठेवली की दातांना पत्ता न लागता खाली उतरते. लोचोवाल्याला वरची कुरकुरीत शेव घालू नको म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडे दुःखाने पाहिलं. "काका, सुगर छे?" मी तोंड उघडून दाखवलं. त्याने गुपचूप चमचाभर तेल जास्त सोडलं.

बायको म्हणाली, "बरंच झालं. आता तुम्ही घास बत्तीस वेळा चावता. लग्न झाल्यापासून मी सांगत होते, तेव्हा ऐकलं नाही."

आईची प्रतिक्रिया निराळी. आई ऐंशीच्या घरात आहे, सुरतेत येऊन तिला जन्म लोटला तरी ती घरात अहिराणीच बोलते. सुरत तिच्या दृष्टीने अजून 'तिकडे कामाला गेलेली जागा' आहे. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हाई काय से रे भाऊ?"

"तार आहे, आई. दात सरळ करायला."

तिने बराच वेळ न्याहाळलं. मग हनुवटी सोडून म्हणाली, "बैलले येसन नाकमा घालतस. तुले तोंडमा घाली दिनी." आणि वेसण घातलेल्या बैलाची जशी कीव करतात तशी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

इथवर सगळं ठीक होतं. मी खाणं शिकलो होतो, तार मला सरावली होती आणि मी तारेला. मग श्रावण आला. आणि श्रावणाबरोबर कानबाई.

ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी नारळाच्या रूपात देवी बसते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. गहू आणि हरभऱ्याची डाळ जाडसर दळून त्या पिठाच्या जाड पुऱ्या तळतात. दळण मोजायचं ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. आमच्या घराण्यात मूठ असते ती थोरल्याची. आणि हे रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपला पाहिजे. इतकंच काय, रोट खाल्ल्यावर हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, पातेल्यात धुवायचे आणि ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. देवीचा कण गटारात जाता कामा नये. आमच्या गॅलरीतला कढीपत्ता त्या पाण्यावर इतका माजलाय की वरच्या मजल्यावरची गुजराती भाभी फोडणी टाकताना खिडकीतून हात घालून तोडते.

आता माझी मूठ. वडील गेल्यापासून थोरला मी, आणि माझा पंजा म्हणजे, आईच्या भाषेत, सूप. ती मूठ आईचा अभिमान आहे. गहू मोजायला बसलो की ती शेजारी पाट घेऊन बसते आणि माझी मूठ भरताना अशी बघते जसा मी काही पराक्रमच करतोय. मोठ्या मुठीचे रोट जास्त होतात, हे उघड आहे. पण ते संपवणाराही मीच होतो. मुलगा नोकरीला हैदराबादला आहे, त्याची सव्वा मूठ तो नसला तरी मोजायची. त्याच्या वाटचे मी खायचो. कडोदऱ्याचा धाकटा भाऊ साखरेमुळे कमी खातो, त्याच्या वाटचे मी खायचो. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रोट असा वाळतो की ताटात टाकला तर खणकन वाजतो. तो कटाकटा फोडून खायचा मान घरात माझा होता. भाऊबंदकीत मला कुणी कलर मास्तर म्हणून ओळखत नाही, 'रोट संपवणारा' म्हणून ओळखतात.

यंदाही आईने गव्हाचं सूप पुढे ठेवलं. मी बाह्या सरसावल्या आणि दरवर्षीसारख्या काठोकाठ मुठी भरल्या. माझ्या, भावाच्या, मुलाच्या, पुतण्याच्या. आई म्हणाली, "हाई मूठ से!" आणि मी फुशारलो. तोंडात तार आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. हात मोजत होता, आणि हाताला काय माहीत तोंडात काय चाललंय.

वर आणखी शहाणपणा केला. तार आवळायचं काम बाई फक्त शनिवारी करतात. कानबाईसाठी मी शनिवारपासून रजा टाकली होतीच. म्हटलं, रजेच्या दिवशी तेही काम उरकून घेऊ. शनिवारी संध्याकाळी तार आवळून घरी आलो आणि रात्रीच्या खिचडीतला तांदळाचा दाणा मला सुपारीसारखा लागला.

"उद्या रोट आहेत," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, मूठ भरताना तरी आठवायचं," ती म्हणाली.

रविवारी देवी बसली. भाऊ, वहिनी, पुतण्या कडोदऱ्याहून आले. खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि परातभर रोट. रोट ताजे होते, तरी पहिला तुकडा दाढेखाली गेला आणि कानापर्यंत कळ गेली. मी तो तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत बसलो. भाऊ बघत होता. इतकी वर्षं मी त्याला 'दोन रोटांत दमतोस' म्हणून चिडवत आलोय, तो दिवस त्याने सोडला नाही.

"दादा, तू रोट खातोस की रोट तुला?"

"खातोय. चवीनं खातोय."

"चव उतरायला पौर्णिमा होईल," भाऊ म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदाच माझ्यापेक्षा एक रोट जास्त खाल्ला. वहिनीने तो मोजला. पुतण्याने फोटो काढला.

जेवण झालं. मी सवयीने चूळ भरायला बेसिनकडे निघालो, तर आईने मागून सदरा धरला.

"कोठे चालना?"

"चूळ भरायला."

"पातेलामा भर. तुना तारमा अर्धा रोट से."

तिचं म्हणणं खरं होतं. प्रत्येक चौकोनाखाली, प्रत्येक रबरामागे पीठ बसलं होतं. देवीचा कण तो देवीचा कण, मग तो बोटाला लागलेला असो की तारेला. तेव्हापासून मी हात तर पातेल्यात धुतलेच, चुळाही पातेल्यात भरल्या. मुलगी म्हणाली की कढीपत्त्याला आता दात येतील.

सोमवारी देवी तापीवर पोचवली. भाऊ आपल्या घरी गेला, कारखाना काही कानबाईसाठी थांबत नाही. पौर्णिमेच्या सकाळी सगळे पुन्हा जमायचे होते. आणि घरात राहिले स्टीलच्या डब्यात रोट. मी, बायको, मुलगी, आई. बायको आणि मुलगी आपापल्या वाटचे खात होत्या, पण डब्याचा तळ दिसायचा तर माझं तोंड चालायला हवं होतं. दरवर्षी चालायचं. यंदा मी एक रोट घेऊन बसलो की चहा गार व्हायचा, पेपर वाचून संपायचा, आणि अर्धा रोट हातात असायचा.

 आई रोज संध्याकाळी डबा उघडून आत बघायची आणि झाकण लावायची. त्या झाकणाचा आवाज मला ऐकू यायचा. आमच्या घरी आजवर एकदाही पौर्णिमेला रोट उरला नव्हता. वडील आजारी होते त्या वर्षीसुद्धा नाही. आईला देवी कोपेल अशी भीती होती असं नाही म्हणणार. पण तिच्या हयातीत, तिच्या डब्यात, थोरल्याच्या मुठीचे रोट उरले, हे तिला लागलं असतं. ती कुणाला बोलली नसती, आणि तेच मला नको होतं.

म्हणून पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मी ठरवलं की बास, लाड पुरे झाले. दात माझे, तार माझी, मूठही माझीच. डब्यातला सगळ्यात जाड रोट काढला, दाढेत धरला आणि पूर्वीसारखा कट्कन फोडला.

कट् आवाज आला. पण तो रोटाचा नव्हता.

मागच्या दाढेवरचा चौकोनी तुकडा गायब होता आणि तारेचं मोकळं टोक गालाला टोचत होतं. मी घास संपवला, पातेल्यात चूळ भरली, हात धुतले आणि मग आरशासमोर जाऊन बघितलं. मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"पप्पा, गिळलात का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"घास होता. घासाबरोबर काय गेलं ते कसं कळणार?"

तिने दवाखान्यात फोन लावला. मला पलीकडचं हसू ऐकू येत होतं. टोकाला मेण लावा, मऊ खा, शनिवारी या, आणि तुकडा सापडला तर घेऊन या, असा निरोप आला. मेणाची डबी त्यांनी पहिल्याच दिवशी दिली होती. मी गालात मेणाची गोळी ठेवून बसलो. बायकोने जमीन झाडली, ताट हलवलं, माझा सदरा झटकला. काही नाही. मुलीने फोनवर शोधून सांगितलं की असं पोटात गेलं तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतं. मी म्हटलं, बाहेर आल्यावर मी ते दवाखान्यात नेणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

तेवढ्यात गॅलरीतून आईची हाक आली. ती पातेलं घेऊन कढीपत्त्याला पाणी घालत होती. हळूहळू, गाळल्यासारखं, कारण तळाशी बसलेलं पीठ तिला शेवटी बोटाने पुसून कुंडीत लावायचं असतं. त्या पिठात तिच्या बोटाला काहीतरी टोचलं होतं. तिने ते पदराने पुसून तळहातावर ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं. तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत चौकोन.

"तुनं से का?"

माझंच होतं. मी बेसिनमध्ये चूळ भरली असती तर ते एव्हाना खाडीला लागलं असतं. आईने ते हळदीकुंकवाच्या कागदात गुंडाळलं आणि पुडी देव्हाऱ्यात ठेवली. मग माझ्या गालाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि विचारलं की मी तो रोट दाताने का फोडला.

"मग कशाने फोडू?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि लोखंडी खलबत्ता उचलून घेऊन आली. या वयात तो तिने एकटीने उचलला, यावरून ती किती वैतागली होती हे मला कळलं. जमिनीवर बसली, एक रोट खलात टाकला आणि बत्त्याने दोन ठोके दिले. खणखणीत रोटाचा रवा झाला. त्यावर ऊन दूध, गूळ, चमचाभर तूप. वाटी झाकून ठेवली. मग काढून माझ्या हातात दिली.

मी खाल्लं. दातांना काही कळलंच नाही. लोचोपेक्षा मऊ, आणि चव थेट रोटाची, गव्हाची आणि डाळीची, जी कटाकटा फोडण्याच्या नादात इतक्या वर्षांत मी नीट घेतलीच नव्हती.

"असं चालतं?" मी विचारलं.

"चालस. कोन सांगं तुले नही चालत म्हनीसन?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी इचारं नही."

आणि मग बायकोने सांगितलं की आईला कवळी बसल्यापासून त्या स्वयंपाकघरात बसून दुपारी रोट असेच खातात. वडीलसुद्धा शेवटची वर्षं असंच खायचे. घरातल्या बायकांना माहीत होतं, मुलीलाही माहीत होतं. फक्त रोट फोडण्याच्या आवाजात मला खलबत्त्याचा आवाज कधी ऐकू आला नव्हता.

"मला का सांगितलं नाही?" मी बायकोला म्हणालो.

"तुम्ही इतक्या ऐटीत फोडायचात," ती म्हणाली. "म्हटलं, हौस आहे, भागवू दे."

दुसऱ्या दिवशी मिलमधून आल्यावर मी खलबत्त्याशी बसलो. आई शेजारी पाटावर. मी कुटत होतो, ती दूध-गूळ घालत होती, आणि आम्ही दोघं दोन वाट्या घेऊन समोरासमोर खात होतो. तिने कवळी काढून भांड्यात ठेवलेली, मी गालात मेण लावलेलं. दोघांच्या तोंडांतून मिळून एकही आवाज येत नव्हता. मुलगी म्हणाली, आज घरात रोट चाललेत की चोरी, कळत नाही. तिने एक वाटी स्वतःसाठी मागून घेतली, मग आणखी एक मागितली, आणि मला पहिल्यांदा काळजी वाटली की माझ्या वाटचे संपतील.

पौर्णिमेच्या सकाळी भाऊ आला तेव्हा डब्यात शेवटचा एकच रोट होता. त्याने डबा उघडला, वाकून बघितला, आणि माझ्या तोंडाकडे संशयाने पाहिलं.

"हे सगळं त्या तारेनं खाल्लंस?"

"बस," मी म्हणालो आणि खलबत्ता पुढे सरकवला. "तुझ्या साखरेसाठी गूळ कमी घालतो."

तो शेवटचा रोट आईनेच कुटला आणि सगळ्यांच्या तळहातांवर थोडा थोडा ठेवला. डबा घासायला टाकताना तिने आत दोनदा पाहिलं, झाकण लावलं नाही, तसाच उघडा ठेवला. हात धुतल्याचं पाणी कढीपत्त्याला गेलं.

शनिवारी ती पुडी घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंनी हळदीकुंकवाने माखलेला तो चौकोन उजेडात धरला आणि विचारलं की हा लाल रंग कसला. मी म्हटलं, हा पक्का आहे, राहू द्या. त्यांनी तो बाजूला ठेवून दाढेवर नवा बसवला, नवी रबरं घातली, आणि यावेळी रंगांचं कार्ड पुढे केलं तेव्हा मी एका नजरेत पिवळा निवडला. व्हायचंच आहे, तर माझ्या मर्जीने होऊ दे.

घरी आल्यावर आई गव्हाचं सूप धुऊन उन्हात ठेवत होती. मी तिला म्हणालो, "आई, तार निघायला अजून वेळ आहे. पुढच्या वर्षी मूठ जरा लहान भरू का? किंवा भावाची घेऊ, त्याचा पंजा छोटा आहे."

तिने माझा हात हातात घेतला, पंजा उघडला, मिटला, आणि परत उघडला.

"मूठ तीच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खलबत्ता मोठा आन."